उलंगवाडीनंतरची पऱ्हाटी आणि कारखान्याची वाफ

(विदर्भातील शेतकरी आणि लघुउद्योजक यांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या मेळाव्याचे निमंत्रण घेऊन कार्यकर्ते घरी आले, तेव्हा मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले की, मी कलाशाखेचा विद्यार्थी. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. बॉयलर मी आयुष्यात बाहेरूनच पाहिला आणि तोही जरा दूर उभे राहून. त्यावर त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "बॉयलरची माहिती सांगणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, शेतकऱ्याला कारखान्याचे आणि कारखानदाराला शेताचे सांगणारा हवा आहे." एवढे ऐकल्यावर नाही म्हणणे अवघड झाले. पत्रकाराला एक सवलत असते. भाबडा प्रश्न विचारायची त्याला लाज वाटत नाही. गेली दोन-तीन वर्षे अशा भाबड्या प्रश्नांची जी उत्तरे मिळाली, ती आज आपल्यापुढे ठेवतो.

माझे आजोळ कोल्हापूरकडचे. सुट्टीत गेलो की रात्री मामाबरोबर गुऱ्हाळावर जाण्याचा हट्ट असे. थंडीत चुलवाणाजवळ बसण्यासारखे सुख नाही. काहिलीत रस उकळतो आहे, मळी वर येते आहे, गुळव्या डोळ्यांवर हात धरून उकळीचा रंग पाहतो आहे आणि खाली एक गडी वाळलेली चिपाडे एकसारखी चुलवाणात सारतो आहे. गुळव्या वरून ओरडायचा, "जाळ कमी कर!" किंवा "लाव जोर!" आणि खालचा माणूस चिपाडांच्या मुठींनी ते तापमान सांभाळायचा. रसही उसाचा आणि जाळही उसाचाच. बाहेरून कोळसा नाही, तेल नाही, वीज नाही. उद्योगाला लागणारी उष्णता शेतातल्या काडीकचऱ्यातून मिळवणे, असा आजच्या भाषणाचा विषय आहे, आणि तो माझ्या मामाला कुणी शिकवावा लागला नव्हता. पुढे साखर कारखाने आले. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली सहकारी कारखान्याचे धुराडे पेटले. तेव्हापासून आजवर आपल्या साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये प्रामुख्याने उसाचा भुसाच जळत आलेला आहे. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे ते तीनशे किलो ओला भुसा निघतो आणि त्याच्या एका किलोतून सुमारे दोन किलो वाफ मिळते. कारखाना स्वतःची भूक भागवून वर वीजही विकू शकतो. एवढा मोठा धडा डोळ्यांसमोर असताना इतर उद्योगांनी तो का गिरवला नाही, या प्रश्नापासून माझा शोध सुरू झाला.

आपण 'ऊर्जा' म्हटले की आपल्या मनात प्रथम वीज येते. घरातला दिवा, पंखा, मोटार. परंतु कारखान्याच्या दारातून आत गेल्यावर चित्र बदलते. जगभरातील उद्योगांना लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपात लागते. डेअरीत दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवायचे असते. सुती कापड रंगवायला साठ ते ऐंशी अंशांचे पाणी लागते, तर पॉलिएस्टरला १३० अंश. सोयाबीनची पेंड द्रावकातून काढल्यावर तो द्रावक वाफ देऊन उडवावा लागतो. भंडारा-गोंदियाकडे उकडा तांदूळ करायचा तर धान वाफवावे आणि वाळवावे लागते. ही सारी कामे दोनशे अंशांच्या आतबाहेरची आहेत. सिमेंटच्या भट्टीला साडेचौदाशे अंश लागतात, पोलादाचे तर गणितच वेगळे. ते आज बाजूला ठेवू. मी बोलतो आहे तो आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान बॉयलरविषयी, ज्याच्या धुराड्याकडे आपण येता-जाता पाहतो आणि ज्यात काय जळते याची चौकशी कधी करत नाही.

आणि येथेच एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. काडीकचरा जाळून वीज करायची, तर लहान प्रकल्पात त्यातल्या उष्णतेचा जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा विजेत उतरतो. बाकीची उष्णता थंड करण्याच्या पाण्याबरोबर आणि धुराड्यातून निघून जाते. तोच कचरा वाफेसाठी जाळला, तर चांगल्या बॉयलरमध्ये सत्तर ते ऐंशी टक्के उष्णता कामी येते. आपल्याकडे काडीकचऱ्यापासून वीज तयार करण्याचे प्रकल्प मोठ्या उत्साहाने उभे राहिले. त्यांतले काही इंधनाचे भाव वाढताच बंद पडले. त्यात नवल नव्हते. आता वीज सूर्यापासूनही मिळते, वाऱ्यापासूनही मिळते. रात्री दोन वाजता दहा किलो दाबाची वाफ मात्र सूर्य देत नाही. मग शेतातली काडी जिथे तिची किंमत सर्वाधिक होते तिथे का वापरू नये? ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात पाच टक्के काडीकचऱ्याच्या गोळ्या मिसळण्याचे धोरण दिले, पुढे तो वाटा सात टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले. पंजाब-हरियाणातील पराळीचा धूर पाहता त्या धोरणामागची निकड समजते. तरीही माझे मत असे की, शंभर कोसांवरच्या महाकाय केंद्रात गोळ्या पाठवण्यापूर्वी आपल्या तालुक्यातल्या बॉयलरचा विचार व्हावा. मोठ्या केंद्रातसुद्धा त्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच विजेत उतरतो.

आता आपल्या मुलखाकडे येतो. कापसाची शेवटची वेचणी आटोपली, उलंगवाडी झाली, की शेतात पऱ्हाटी उभी राहते. एका हेक्टरमागे ती दोन ते तीन टन निघते. तिचे पुढे काय होते, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. थोडी चुलीला जाते, थोडी कुडाला, कुंपणाला. बाकीची मजूर लावून उपटायची, धुऱ्यावर ढीग लावायचा आणि एखाद्या संध्याकाळी काडी लावायची. म्हणजे जी वस्तू जळते ती उपटण्यासाठी शेतकऱ्याने पदरचे पैसे दिलेले असतात. ढीग न जाळता तसाच ठेवला तरी सुटका नाही. किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात बाहेर पडते. २०१७ साली या अळीने विदर्भातल्या कापसाची काय दशा केली, ते येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी भोगले आहे. फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात रचून ठेवू नका, असे कृषी खाते तेव्हापासून कानीकपाळी ओरडून सांगते. पण काढलेली पऱ्हाटी न्यायची कुठे, या प्रश्नाचे उत्तर त्या सूचनापत्रकात नसते. शेतकऱ्याने काडी लावली तर त्याला दोष देणारे आपण कोण?

मुंबईला 'सिरकॉट' नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, कापसाच्या तंत्रज्ञानावर संशोधन करणारी. १९२४ साली स्थापन झालेली. तिचे एक केंद्र आपल्या नागपुरात आहे. कापूस म्हणजे केवळ बोंड नव्हे, पऱ्हाटीसुद्धा एक पीक आहे, असे मानून या संस्थेने पऱ्हाटीचे तुकडे करणे, त्यांचे दाबीव लाकूड बनवणे, इंधनाच्या कांड्या आणि गोळ्या बनवणे यावर वर्षानुवर्षे काम केलेले आहे. कांड्या म्हणजे बाजारात ज्याला 'ब्रिकेट' किंवा 'पांढरा कोळसा' म्हणतात तो. यंत्रात भुकटी घालून प्रचंड दाब दिला की ती तापते, लाकडातला मूळचा चिकट अंश मऊ होतो आणि बाहेरून डिंक न घालता कांडी घट्ट बांधली जाते. हे तंत्र आता गावोगावच्या कारागिरांना अवगत आहे. तेव्हा तंत्र नाही म्हणून अडले, असे म्हणता येणार नाही.

मग अडले कुठे? मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हिशेब कलाशाखेच्या माणसाचा आहे, चूक आढळली तर अभियंत्यांनी दुरुस्त करावी. ताशी एक टन वाफ देणारा बॉयलर घ्या. वसाहतीत यापेक्षा मोठे पुष्कळ आहेत. एक किलो वाफेला सुमारे सहाशे किलोकॅलरी, म्हणजे तासाला सहा लाख. बॉयलर पंचाहत्तर टक्के कार्यक्षम धरला तर इंधनातून आठ लाख मिळाले पाहिजेत. चांगल्या कांडीचा उष्मांक किलोला अडतीसशे धरला, तर तासाला दोनशे दहा किलो कांडी लागेल. चोवीस तासांना पाच टन. वर्षातले तीनशे दिवस कारखाना चालला तर पंधराशे टन. हेक्टरी दोन टन पऱ्हाटी धरली तर साडेसातशे हेक्टर, म्हणजे साडेअठराशे एकर कापूस. वाळताना, तुकडे करताना होणारी घट वेगळी. एका लहानशा बॉयलरला तीन-चार गावांच्या शिवारातली सगळी पऱ्हाटी वर्षभर पुरवावी लागेल! आणि ही पऱ्हाटी शेतात मिळते केवळ उलंगवाडीनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत. म्हणजे वर्षाचे इंधन तेवढ्यात उचलायचे, तोडायचे, वाळवायचे आणि पावसाळ्यापूर्वी छपराखाली न्यायचे. सुट्या पऱ्हाटीचा ढीग आभाळाएवढा, वजन मात्र नगण्य. ट्रॅक्टर ट्रॉली भरून दिसते आणि काट्यावर ती टनभरही भरत नाही. म्हणून गावातच तुकडे आणि गावाजवळच कांडी झाली नाही, तर वाहतुकीचे डिझेल सगळा नफा गिळून टाकते. साखर कारखान्याला हा व्याप पडला नाही, कारण त्याचा भुसा उसाबरोबर आपल्या पायांनी कारखान्यात चालत येतो. इतर उद्योगांनी तो धडा का गिरवला नाही, याचे उत्तर मला येथे मिळाले.

येथे कुणीतरी नक्की विचारील की, वणी-चंद्रपूरचा कोळसा उशाशी असताना हा खटाटोप कशासाठी? प्रश्न योग्य आहे. मलाही तो पडला होता. पण कोळशाच्या खाणी जवळ असणे आणि लहान उद्योजकाला चांगला कोळसा मिळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. थेट खाणीचा पुरवठा मोठ्यांना मिळतो. लहान माणूस व्यापाऱ्याकडून घेतो आणि पोत्यात जे निघेल ते नशीब मानतो. आपल्या देशी कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते. चांगल्या पऱ्हाटीच्या कांडीत ती पुष्कळ कमी. ज्यांना कोळसा नको ते फर्नेस ऑइल जाळतात, ज्यात गंधक भरपूर आणि ज्याचा भाव आखाती देशांतल्या घडामोडींवर हलतो. देश म्हणून पाहिले तर २०२४-२५ या वर्षात आपण सुमारे २४ कोटी टन कोळसा बाहेरून आणला. त्या पैशातला एक रुपयाही कापूस पिकवणाऱ्याच्या घरात येत नाही. स्वदेशीचा विचार मांडणाऱ्यांनी कापडाच्या रंगापुरते थांबू नये. ते कापड रंगवायला जी वाफ लागली, ती कशावर झाली, हेही विचारावे.

एका औद्योगिक वसाहतीतल्या रंगकामाच्या कारखान्यात मी गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण मालकांनी मोकळेपणाने आपल्या चुका सांगितल्या आणि त्या मोकळेपणाचा मान राखला पाहिजे. फर्नेस ऑइलचे बिल परवडेना, म्हणून त्यांनी कर्ज काढून घन इंधनाचा बॉयलर बसवला. पहिले चार महिने आनंदात गेले. मग पावसाळा आला. उघड्यावर रचलेल्या कांड्यांना ओल लागली. त्या फुगल्या, फुटल्या आणि पुन्हा भुसा झाल्या. ते म्हणाले, "साहेब, मी कोळसा विकत घेतला आणि माझ्या अंगणात चिखल झाला." त्यानंतर पुरवठादाराने भाव वाढवला, कारण दुसऱ्या गावच्या कागद कारखान्याने त्याला जास्त दिला. मग माल आला तो माती मिसळलेला. वजनाने भरपूर, उष्णतेने दरिद्री. भट्टीत राख वितळून काचेसारखे गोळे जाळीवर बसले आणि दोन दिवस काम बंद ठेवून ते छिन्नीने फोडावे लागले. मालक वैतागून पुन्हा तेलाकडे वळण्याच्या बेतात होते.

त्यांना वाचवले ते त्यांच्या बॉयलर परिचराने. जेमतेम दहावी झालेला, पण तीस वर्षे आगीसमोर उभा राहिलेला माणूस. तो म्हणाला, "मालक, आपण वजन घेतो, त्याऐवजी सुकेपण घ्या." मी त्याच्याकडून हे समजून घेतले आणि त्या एका वाक्यात सगळे शास्त्र आहे असे मला वाटले. इंधनात पाणी असेल तर गिऱ्हाइकाचे दोनदा नुकसान होते. एकदा पाण्याला लाकडाचा भाव देताना, आणि दुसऱ्यांदा ते पाणी भट्टीत वाफ करून धुराड्यातून उडवून देताना. दहा टक्के ओल असलेल्या कांडीपासून जी उष्णता मिळते, तिच्यापेक्षा तीस टक्के ओल असलेल्या मालापासून पाव हिस्सा कमी मिळते. तेव्हापासून त्या कारखान्याच्या फाटकावर ओल मोजण्याचे छोटे यंत्र आले, प्रत्येक गाडीतून मूठभर माल घेऊन तो जाळून राख तोलली जाऊ लागली आणि भाव ओल व राख पाहून ठरू लागला. छप्पर घातले, ते वेगळेच. मालकांनी मला अभिमानाने दाखवला तो बॉयलर नव्हे, ते छप्पर!

आता ज्या भागाविषयी मला सर्वांत अधिक बोलायचे आहे, तो हा. उद्योगाची भूक मोठी असते आणि ती एकदा जागी झाली की काय खावे आणि काय खाऊ नये, याचा विवेक ती आपणहून करत नाही. शेतातले सगळेच अवशेष 'टाकाऊ' आहेत, असे शहरातल्या माणसाला वाटते. शेतकऱ्याला तसे वाटत नाही. ज्वारीचा कडबा टाकाऊ नाही, तो बैलाचा घास आहे. सोयाबीनचे आणि तुरीचे कुटार टाकाऊ नाही. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या दुष्काळात मराठवाड्यात चाऱ्यासाठी माणसे कशी वणवण फिरली, हे मी बातमीदार म्हणून पाहिले आहे. अशा वर्षी बॉयलरने वैरणीच्या बाजारात उतरून बोली लावली, तर पैशाच्या बळावर बॉयलर जिंकेल आणि गोठा रिकामा होईल. म्हणून जे जनावर खाते ते भट्टीने खायचे नाही, हा पहिला दंडक मी मानतो.

दुसरे मातीचे. उसाच्या पाचटाविषयी मी आधी मोठ्या उत्साहात होतो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट जाळले जाते, ते बॉयलरला का देऊ नये, असे मी लिहिलेही होते. एका ऊस उत्पादकाने मला पत्र लिहून जमिनीवर आणले. त्यांनी पाच वर्षे पाचट न जाळता सरीत आच्छादन म्हणून ठेवले होते. पाण्याच्या पाळ्या कमी झाल्या, गांडुळे दिसू लागली, खताचा खर्च उतरला. वसंतदादा साखर संस्था आणि कृषी खाते हेच सांगत आलेले आहेत. मी माझे मत बदलले. पाचटावर पहिला हक्क मातीचा. जो शेतकरी काही केल्या ते जाळणारच आहे, त्याच्याकडून ते घ्यावे. जो कुजवतो त्याला मोह घालू नये. पऱ्हाटीचे तसे नाही. ती लाकडासारखी कठीण, सहज कुजत नाही, शिवाय अळीचे घर. यंत्राने बारीक कुट्टी करून ती जमिनीत मिसळावी, असे सांगणारे तज्ज्ञ आहेत आणि ज्यांच्याकडे ते यंत्र आहे त्यांनी तसे अवश्य करावे. पण जिथे काडीच लागणार आहे, तिथे ती काडी धुऱ्यावर न लागता बॉयलरमध्ये लागावी. आणि बॉयलरची राख परत शेताकडे यावी. तिच्यात पालाश असते. आज ती राख वसाहतीच्या मागच्या नाल्यात पडते, हे लाजिरवाणे आहे. भाताच्या तुसाच्या राखेला तर पोलाद कारखान्यांत मागणी असते, कारण तिच्यात सिलिका भरपूर. गोंदियाकडच्या गिरणीवाल्यांना हे माहीत आहे. कोकणातल्या काजूवाल्यांना टरफलावर आपली वाफ काढणे माहीत आहे. ज्याच्या दाराशी जे पडते त्याचा उपयोग त्याला सुचतोच.

तिसरी गोष्ट बोलायला थोडी अवघड आहे. उलंगवाडीनंतर गावातल्या भूमिहीन घरांतल्या बाया शेतात जाऊन पऱ्हाटी उपटतात आणि मोळ्या घरी नेतात. शेत मोकळे होते आणि त्यांच्या चुलीला वर्षाचे सरपण मिळते. पैशाची देवघेव नसलेला हा जुना व्यवहार आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरोघर गॅसची शेगडी पोहोचली, ही फार मोठी गोष्ट झाली. तथापि टाकी भरण्याचे पैसे हाताशी नसले की ती शेगडी कोपऱ्यात राहते आणि चूल पुन्हा पेटते, हेही आपण पाहतो. उद्या पऱ्हाटीला भाव आला, तर शेतकरी म्हणेल, "आता मोळी नेऊ नका." त्याचे म्हणणे कायद्याने बरोबर असेल. पण त्या घरात स्वयंपाक कशावर होईल? म्हणून माझे कारखानदारांना आवर्जून सांगणे आहे की, पऱ्हाटी उपटण्याचे, तोडण्याचे, वाळवण्याचे रोजंदारीचे काम याच बायांना प्रथम मिळाले पाहिजे आणि मोळ्यांचा त्यांचा वाटा करारातच लिहिला पाहिजे. तोंडी नव्हे. तोंडी आश्वासने उलंगवाडीबरोबर उडून जातात.

आपल्या महाराष्ट्रातच या विषयाचा पाया घालणारी माणसे होऊन गेली आहेत आणि आहेतही. फलटणला बनविहारी निंबकर यांनी १९६८ साली शेती संशोधनाची संस्था काढली. अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेले अनिल राजवंशी १९८१ साली तेथे येऊन राहिले; त्यांना २०२२ साली 'पद्मश्री' मिळाली. त्या संस्थेने उसाचे पाचट आणि भुसा यांच्यासारख्या हलक्या, पसरट कचऱ्यावर चालणारे वायुजनित्र तयार केले. वायुजनित्र म्हणजे अपुऱ्या हवेत कचरा धुमसवून त्यातून जळणारा वायू काढण्याची भट्टी. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा आपल्याकडच्या मोटारींच्या मागे कोळशाच्या टाक्या लावून त्यांच्या वायूवर गाड्या चालवत. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आपण त्यांचे वर्णन ऐकले असेल. तेच तत्त्व. फलटणचे हे यंत्र प्रयोगशाळेत सातशे तासांहून अधिक चालवून पाहिले गेले, एका उद्योगातील तेलावर चालणाऱ्या भट्टीला जोडूनही पाहिले गेले आणि १९९७ साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मूळ कचऱ्याच्या सुमारे चोवीस टक्के वजनाचा कोळसा त्यातून मागे उरतो, जो चुलीतही चालतो आणि मातीतही मिसळता येतो. म्हणजे भट्टीला वायू आणि शेताला कोळसा. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी 'आरती' या संस्थेमार्फत पाचटाचा कोळसा करण्याची सोपी पद्धत विकसित केली आणि तिला २००२ साली इंग्लंडमधला 'ॲशडेन' पुरस्कार मिळाला. दोन्ही कामे आपल्या मातीतली. त्यांचा प्रसार अपेक्षेएवढा झाला नाही, याचे मला वाईट वाटते. यंत्र बनवणारा फलटणला, कचरा असणारा शेतावर आणि उष्णता हवी असणारा वसाहतीत. तिघांना एका पंगतीला बसवणारा कुणी नव्हता.

मागणी मात्र आता बाहेरून येऊ लागली आहे. दिल्लीभोवतीच्या प्रदेशात १ जानेवारी २०२३ पासून उद्योगांना कोळसा जाळण्यास बंदी झाली आणि तेथील कारखाने नैसर्गिक वायू किंवा काडीकचरा यांच्याकडे वळले. कांड्या-गोळ्यांचे कारखाने उभारण्यासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात साहाय्याची तरतूद केली. असे वारे वाहू लागले की मधला दलाल सर्वांत आधी जागा होतो. तो शेतकऱ्याकडून फुकट उचलील आणि कारखानदाराला तेलाच्या भावाशी तोलून विकील. हे टाळायचे तर आज या सभागृहात जे दोन गट वेगवेगळ्या रांगांत बसले आहेत, त्यांनी निदान चहाच्या वेळी तरी एका टेबलावर बसावे.

धुराचे काय, असेही विचारले जाते. काडीकचरा जळताना बारीक राख उडते, हे खरे. ती पकडणारी साधने बॉयलरला लावावी लागतात आणि ती चालू ठेवावी लागतात. तपासनीस आला की चालू आणि गेला की बंद, असे करून भागत नाही. आणि ज्या भट्टीत लाकडाच्या आडून प्लॅस्टिकचा भंगार किंवा टायरचे तुकडे ढकलले जातात, तिला काडीकचऱ्याची भट्टी म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. त्या धुराड्याखाली आपलीच मुले राहतात.

मी उल्लेख केला त्या रंगकामाच्या कारखान्यात गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेलो होतो. मालकांनी जवळच्या दोन गावांतल्या शेतकऱ्यांशी तीन वर्षांचा लेखी करार केला आहे. तुकडे करण्याचे यंत्र कारखान्याचे, ते ट्रॅक्टरवर शेतात जाते. शेत मोकळे करून देण्याचा खर्च कारखाना करतो आणि वर सुक्या वजनावर पैसे देतो. भाव दरवर्षी जानेवारीत दोन्ही बाजूंनी बसून ठरतो, त्याला कोळशाचा आणि डिझेलचा त्या महिन्याचा दर आधार म्हणून धरतात. राखेची पोती परतीच्या गाडीतून गावाला जातात. मोळ्यांचा वाटा करारात अजून आलेला नाही. मी मालकांना विचारले, तेव्हा त्यांनी डायरीत तेवढे टिपून घेतले. सगळी गरज यातून भागत नाही. निम्मी पऱ्हाटी, उरलेला लाकडाचा भुसा आणि शेंगांची टरफले, असे चालले आहे. तेलाचा जुना बॉयलर त्यांनी अजून काढलेला नाही. "भरवसा बसायला अजून एक पावसाळा जाऊ दे," असे ते म्हणाले.

मला जे कळले ते इतकेच आहे. त्या कारखान्यातले परिचर माझ्या विनंतीवरून आज येथे आले आहेत, तिसऱ्या रांगेत बसले आहेत. ओल कशी मोजायची, माती मिसळलेली कांडी हातात घेताच कशी ओळखायची आणि राखेचे गोळे होऊ नयेत म्हणून आग कशी ठेवायची, हे प्रश्न कृपया मला न विचारता त्यांना विचारावेत. त्यांची पावणेसहाची गाडी आहे, तेव्हा चहाआधीच त्यांना गाठा.